रिकामी खाच

ही गोष्ट खरी आहे.

असं इथं प्रत्येकजण म्हणतो, मला ठाऊक आहे. मीही या पानावरच्या गोष्टी वाचतो आणि निम्म्या गोष्टींना हसतो. पण ही माझ्यावर गुदरलेली आहे. यातलं गाव खरं, माणसं खरी, तारखा खऱ्या. फक्त एक नाव बदललेलं आहे. कोणतं, ते शेवटी सांगतो.

आणखी एक. भुतं अमावास्येला येतात, रात्री बाराच्या ठोक्याला येतात, असं तुम्ही वाचत आला असाल. माझ्या वाट्याला जे आलं ते भर दुपारी आलं. वायरमनची कामं दिवसाच असतात, त्याला मी काय करू?

मी राजशेखर. मूळचा कुरुंदवाडचा, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. विसाव्या वर्षी कोल्हापुरात आलो आणि आकाराम मिस्त्रींकडं वायरिंगचं काम शिकलो. नंतर लायसन मिळालं तरी मी त्यांच्याबरोबरच राहिलो. दहा वर्षं आम्ही दोघं मिळून कामं घेत होतो.

आकाराम मिस्त्री गारगोटीचे. उंच, किडकिडीत, तोंडानं फटकळ. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. घरमालक म्हणायचे, "मिस्त्री, फ्यूज सारखा उडतोय, जाड तार टाका की जरा."

मिस्त्री हातातली पक्कड खाली ठेवायचे.

"फ्यूज उडतोय म्हणून घर जाग्यावर हाय. जाड तार पायजे तर दुसरा माणूस बघा, आणि त्येच्याआधी बंबवाल्यांचा नंबर लिवून ठेवा."

कामं जायची अशानं. त्यांना फरक पडत नसे. मला पडायचा, पण मी बोलत नसे. आज मात्र भुतापेक्षा मला फ्यूजमध्ये खिळा घालणारा माणूस जास्त भयानक वाटतो.

ज्यांनी जुना बोर्ड बघितलेला नाही त्यांना थोडं सांगतो. तेव्हा आताच्या एमसीबी नव्हत्या. लाकडी बोर्डावर पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज ओळीनं बसवलेले असायचे. एक फ्यूज मुठीत मावेल एवढा. ओढला की निघतो आणि त्या लाईनची वीज बंद होते. बोर्डावर उरते रिकामी खाच. परत दाबला की खट् करून बसतो आणि वीज चालू.

मिस्त्रींचा नियम असा. ज्याचा हात वायरीला लागणार, त्यानंच फ्यूज ओढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, खिडकीत ठेवायचा नाही. त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, त्यासाठी त्यांच्या प्रत्येक शर्टाला खाकी कापडाचा वेगळा खिसा शिवला होता. त्याला वरून झाकण आणि मोठी गुंडी. फ्यूज आत टाकला की मिस्त्री गुंडी लावायचे, वरून एक थाप मारायचे आणि जिना चढायचे.

वर गेल्यावर वायरीला हात लावण्याआधी ते ओरडायचे, "खाच रिकामी हाय का?"

मी खाली बोर्डासमोर उभा असायचो. बघून ओरडायचो, "रिकामी हाय!"

असं तीन वेळा. लोक हसायचे आम्हाला. मिस्त्री म्हणायचे, "हसू देत. मेलेला माणूस हसत न्हाय."

ते प्रत्येक फ्यूजवर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेननं त्या लाईनचं नाव लिहायचे; पुढच्या खोलीला आमच्याकडं सोपा म्हणतात. सोपा. सैपाकघर. पहिला मजला. अक्षर शाळेतल्या पोरासारखं, मोठं आणि गोल.

आता त्या दिवसाकडं येतो.

बुधवार, १२ मार्च १९९७. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला दोन मजली घर. मालक हंबीरराव. दुसऱ्या मजल्यावर नवा गिलावा झाला होता आणि तिथला एक जॉइंट बदलायचा होता. दुपारचे सव्वातीन. मिस्त्रींनी "दुसरा मजला" लिहिलेला फ्यूज ओढला, खिशात टाकला, गुंडी लावली आणि वर गेले.

"खाच रिकामी हाय का?"

"रिकामी हाय!"

तीन वेळा झालं. मग वरून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. मी खाली जिन्याखालच्या दिव्याची वायर ओढत बसलो होतो.

तेवढ्यात हंबीरराव धावत आले.

"ए राजशेखर, मोटार बंद पडली की रं! पाणी आलंय नळाला. तासभरच असतंय. टाकी कोरडी हाय, घरात पावणं हायत. चालू कर आधी!"

त्यांनी वायर वाचवायला पाण्याची मोटार आणि दुसरा मजला एकाच फ्यूजवर घेतला होता. नियमात बसत नाही ते. पण ते मला माहीत होतं आणि खाच का रिकामी आहे, हेही मला माहीत होतं. यात माझं काही चुकून झालं असं मी म्हणणार नाही.

"मिस्त्री वर हायत. जरा थांबा," मी म्हणालो.

"आरं, पाणी थांबतंय व्हय? किती येळ ते? झालं असंल की त्यांचं!"

मी कान दिला. वरची ठोकाठोकी थांबली होती. मला वाटलं, झालं काम. खाली येतच असतील.

मी एकदा ओरडलो, "घालू का?"

एकदाच.

उत्तर आलं नाही. हंबीरराव दारातून "लवकर, लवकर" करत होते. माझ्या पिशवीत एक जादा फ्यूज होता. तो काढला आणि रिकाम्या खाचेत दाबला.

खट्.

मोटार सुरू झाली. हंबीरराव खूश होऊन बाहेर नळाकडं गेले.

आणि वरून... जिन्यावरून... काहीतरी पडत आलं.

टण्... टण्... टण्...

एकेक पायरी उतरत मिस्त्रींचा टेस्टर माझ्या पायाशी येऊन थांबला.

दोन्ही हात कामात असले की वायरमन टेस्टर दातात धरतो. मिस्त्री बोलू शकत नव्हते म्हणून उत्तर आलं नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

मी फ्यूज ओढून वर पळालो. मिस्त्री ओल्या गिलाव्याला टेकून बसल्यासारखे पडले होते. मी हाका मारल्या, छाती दाबली. काही उरलं नव्हतं.

खिशाची गुंडी लावलेली होती.

आता जे सांगतो ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. घरात वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच होतो. खाली मोटारीचा आवाज बंद झाला म्हणून कुणीतरी येणार होतं. माझ्या डोक्यात एकच आलं. फ्यूज यांच्या खिशात सापडला, तर सगळे विचारतील की मग खाचेत कुणी घातला?

मी त्यांच्या खिशाला हात घातला. गुंडी निघेना. मी हिसका मारला. गुंडी उडून कुठंतरी गेली. त्यांचा फ्यूज घेऊन मी खाली आलो, तो खाचेत दाबला, माझा जादा फ्यूज पिशवीत टाकला आणि मग ओरडायला लागलो.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की फ्यूज न काढता काम केल्यानं, स्वतःच्या हलगर्जीपणामुळं. विजेच्या तपासणी ऑफिसातला साहेब आला, त्यानंही तेच लिहिलं. माझा जबाब घेतला. मी सही केली. हंबीररावांनी "मी बाहेर नळावर होतो" एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

गारगोटीत लोक बोलायला लागले. दुपारीच घेतली असेल. लई नियम सांगत होता दुसऱ्याला. जो माणूस आयुष्यभर नियमांपायी भांडला, त्याच्या माघारी त्याच्यावर हसायला गावाला तेवढंच पुरलं.

मी त्यांच्या बाराव्याच्या दिवसाला गेलो नाही. ताप आल्याचं कळवलं.

महिन्याभरानं मी पुन्हा कामाला लागलो. शाहूपुरीत एक दुकान होतं, वर पोटमाळा. फ्यूज ओढला, खिशात टाकला, काम केलं, खाली आलो. फ्यूज काढायला खिशात हात घातला.

खिशात... दोन होते.

एक दुकानाचा. दुसऱ्यावर चिकटपट्टी होती. मोठं गोल अक्षर. "दुसरा मजला."

मला वाटलं, माझ्याच डोक्याचा खेळ आहे. तो मी पंचगंगेत फेकून आलो. पुढच्या कामाला परत खिशात दोन. मग मी तो घरी फळीवर ठेवायला लागलो. सकाळी निघताना फळीवर बघायचो. दुपारी खिशात असायचा. संध्याकाळी फळी रिकामी.

आणि मग आवाज सुरू झाला.

माझ्या हाताखाली तेव्हा एक गडी होता, ज्ञानू. चाळिशीचा, साधा माणूस. कळंब्याकडं एका घरात मी मागच्या खोलीत होतो आणि ज्ञानू बोर्डाजवळ उभा. मला ऐकू आलं, ज्ञानू ओरडला, "रिकामी हाय!"

थोडं थांबून परत, "रिकामी हाय!"

मी बाहेर आलो.

"कुणाशी बोलतोयस?"

"वरनं इचारल्यालं की तुमच्या माणसानं. खाच रिकामी हाय का म्हणून." त्यानं वर बघितलं. "वर कोण हाय ओ?"

वर कौलं होती. नुसती कौलं आणि आभाळ.

ज्ञानू दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्यानंतर दोघं आले आणि गेले. मग मी कुणाला ठेवलंच नाही. वायरमनचं काम दोघांचं असतं. एक वर, एक खाली. मी ते एकट्यानं करायला लागलो.

एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या वर्षांत कळलं. लग्नाचं बोलणं आलं, मी टाळलं. जेवायला खानावळ, झोपायला खोली. दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारा एकच आवाज होता आणि त्याला उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती. "रिकामी हाय" म्हणायला तोंड उघडायचं आणि बंद व्हायचं. कारण ते एकदा मी म्हटलं होतं आणि मग तीच खाच माझ्या हातानं भरली होती.

मग नव्या बोर्डांचा जमाना आला. एमसीबी. लिव्हर खाली केला की वीज बंद, ओढायला काही नाही, खिशात टाकायला काही नाही. मी जुनी कामं घेणंच सोडलं. सुटलो म्हटलं.

पहिल्याच एमसीबीच्या कामाला खिसा जड लागला...

हात घातला. एकच होता आता. त्यांचा.

२००५ च्या एप्रिलमध्ये गारगोटीहून निरोप आला. धोंडुबाईंचा. घरातल्या लोखंडी बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात, बघून जा.

मी त्यांना आक्का म्हणायचो, आमच्याकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. आठ वर्षांत त्यांच्या दारात गेलो नव्हतो. जाऊ नये असं शंभर वेळा वाटलं. पण बोर्डात करंट उतरतो म्हटल्यावर घरात बसून राहणं मला जमलं नाही. एवढं तरी मिस्त्रींनी माझ्यात घातलं होतं.

२० एप्रिल. बुधवारच होता. मी दुपारी एकच्या एसटीनं उतरलो. तेव्हा भारनियमन जोरात होतं. बारा ते चार वीज नसायची. बाजारपेठ सुस्त, गिरणी बंद, पंखे बंद.

आक्का दारात बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. पण आवाज तोच, खणखणीत.

"आलासा? या. एसटीला गर्दी हुती काय?"

"न्हवती, आक्का. बऱ्या हायसा न्हवं?"

"मला काय हुतंय? एकटीचं घर. भांडायला बी कोण न्हाय."

मी घर बघितलं. दोन खोल्या, वर लाकडी माळा. बोर्ड मिस्त्रींच्याच हातचा. ओळीनं तीन फ्यूज, तिन्हींवर चिकटपट्ट्या. सोपा. सैपाकघर. माळा. पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षर वाचता येत होतं. मला तिथंच खाली बसावंसं वाटलं.

"आक्का, अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?"

त्या उत्साहानं परसात घेऊन गेल्या. घराच्या मागं भिंतीलगत खड्डा होता. कोळसा, मीठ आणि माती भरून केलेला. वरची माती ओली होती.

"ह्येनी सांगिटल्यालं, उन्हाळ्यात ह्येला पाणी घालत जा म्हणून. वाळला तर करंट जमिनीत जात न्हाय म्हणं. म्या उन्हाळा बघितलाच न्हाय. रोज एक तांब्या घालते. आठ वर्सं. एक दिस चुकीवला न्हाय."

मी वाकून बघितलं. खड्ड्यातून बोर्डाकडं जाणारी तार गंजून कधीचीच तुटली होती. टोक मातीत लोंबत होतं.

आठ वर्षं ती बाई तुटलेल्या तारेला पाणी घालत होती.

मला त्यांना सांगवेना. "खड्डा चांगला राखलायसा, आक्का," म्हणालो आणि गुपचूप नवी तार जोडली.

आता करंट कुठून उतरतो ते बघायचं होतं. माळ्यावरचा जॉइंट उंदरांनी कुरतडला असणार. वीज चारला येणार होती आणि तेव्हा तीनही वाजले नव्हते. तरी मी "माळा" लिहिलेला फ्यूज ओढला आणि खिशात टाकला. नियम म्हणजे नियम.

"मी मागं हाय खड्ड्याकडं," आक्का म्हणाल्या. "आजचं पाणी ऱ्हायलंय."

मी शिडीनं माळ्यावर गेलो. वाकूनच बसावं लागत होतं. कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हात काम दिसत होतं. जॉइंट खरंच कुरतडलेला होता, तांब्याची तार उघडी. मी टेस्टर दातात धरला. एक हात उघड्या तारेला, दुसरा आधाराला लोखंडी पाइपावर.

सगळं गप्प होतं. एवढं गप्प की मला माझाच श्वास ऐकू येत होता.

आणि मग लक्षात आलं... आज वरून आवाज आला नव्हता.

आठ वर्षांत पहिल्यांदा. कुणीच विचारलं नव्हतं, खाच रिकामी आहे का.

कारण आज मिस्त्रींच्या जागी वर मी होतो.

मी हात काढणार, तेवढ्यात खालून... बोर्डाजवळून... आवाज आला.

"घालू का?"

तो मिस्त्रींचा आवाज नव्हता.

तो माझा होता. तिशीतला, घाईतला, कुरुंदवाडी हेल असलेला माझा आवाज.

मला "नको" म्हणायचं होतं. तोंडात टेस्टर होता आणि दात उघडेनात. हात तारेवरून निघेनात. माझं अंग माझं राहिलं नव्हतं.

मी वाट बघितली, तो परत विचारेल म्हणून. मला माहीत होतं तो परत विचारणार नाही.

त्याच वेळी लांब गिरणीचा पट्टा फिरायला लागला. शेजारच्या घरात रेडिओ बोलायला लागला. वीज आली होती. चारच्या आधीच.

माझ्यात आणि मरणात आता एक रिकामी खाच होती.

खाली...

खट्.

मी किंचाळलो की नाही, आठवत नाही. हात सुटले एवढं खरं. मी मागं कोसळलो आणि दातातला टेस्टर शिडीवरून खाली गेला.

टण्... टण्... टण्...

मला काही झालं नव्हतं. मी खाली उतरलो. बोर्डासमोर कुणी नव्हतं. खाच रिकामी होती, मी ठेवली तशी. मागच्या दारातून आक्का दिसत होत्या, परसात पाठमोऱ्या उभ्या, हातात तांब्या.

मी खिशात हात घातला. दोन होते.

आक्का आत आल्या तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो आणि दोन्ही फ्यूज समोर ठेवले होते. त्यांनी "माळा"कडं बघितलंच नाही. दुसरा उचलला. चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला.

"ह्येंचं अक्षर," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. पाणी, मोटार, एकदा मारलेली हाक, खिसा. रडत सांगितलं. काही लपवलं नाही.

 त्या उठून ट्रंकेतून एक शर्ट घेऊन आल्या. घडी घातलेला. खाकी खिशावर गुंडीच्या जागी भोक होतं, कापडासकट फाटलेलं.

"मी नायलॉनच्या दुहेरी दोऱ्यानं शिवल्याली गुंडी. ती अशी तुटत न्हाय. कुणीतरी उपाटल्याली. ह्यो शर्ट घरी आला त्याच दिशी मला कळलं, खिशात फ्यूज हुता आणि कुणीतरी काढून घेटला."

"आठ वर्सं तुमास्नी म्हाईत हुतं?"

"कुणी केलं ते न्हवतं म्हाईत. मग इचार केला. दिवसाला सगळी आली. हंबीरराव बी आलतं. तुम्ही एकटं आला न्हाईसा."



"आक्का, मला मारा. काय बी करा."

"तुमास्नी मारून मी काय करू?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "लोक म्हणत्यात प्यालता म्हणून. आठ वर्सं ऐकत्ये मी. बाजारात, नळावर, द्येवळात. त्यो माणूस झोपत बी खाच रिकामी हाय का म्हणायचा ओ! मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय. ज्यांच्या म्होरं सही केलीसा, त्यांच्या म्होरं जाऊन सांगा. तेवढं कागदावर येऊ दे. मग मी मोकळी."

मी हो म्हणालो. त्यांच्या पायाला हात लावून हो म्हणालो.

त्यांनी तो फ्यूज शर्टाच्या फाटक्या खिशात ठेवला, शर्टाची घडी घातली आणि ट्रंक बंद केली. मला चहा दिला. तो कसा प्यालो ते माझं मला माहीत.

त्या दिवसापासून माझ्या खिशात दुसरा फ्यूज आला नाही. आवाजही आला नाही. मी ओरडून बघितलं एकदोनदा, एका रिकाम्या बंगल्यात. "रिकामी हाय! मिस्त्री, रिकामी हाय!" काही नाही. घाबरण्यापेक्षा ते वाईट होतं. मिस्त्री माझ्यावर विश्वास ठेवून गप्प झाले होते.

आणि मी त्या ऑफिसात गेलो नाही.

दोनदा पायऱ्यांपर्यंत गेलो. लायसन जाईल, केस होईल, चाळिशीला आलेला माणूस काय करणार, असं स्वतःला सांगत परत आलो. पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. दिवाळीनंतर जाऊ म्हटलं. आक्कांनी एकदाही निरोप पाठवला नाही. त्या नुसती वाट बघत राहिल्या.

२००८ च्या जुलैमध्ये आक्का गेल्या. या वेळी मी गेलो. मिस्त्रींच्या भाच्यानं, सयाजीनं, ट्रंक उघडली तेव्हा मी शेजारी उभा होतो. शर्ट घडी घातलेलाच होता. खिसा रिकामा होता.

"ह्यात एक फ्यूज हुता का रं?" मी विचारलं.

"न्हाई बा," सयाजी म्हणाला. "मामीनं कुणाला हातच लावू दिला न्हाई त्या शर्टाला."

परतीच्या एसटीत माझा खिसा जड झाला.

फ्यूज होता. आणि त्याच्याबरोबर... एक मोठी गुंडी. तिला खाकी कापडाचा तुकडा चिकटलेला, त्यातून नायलॉनचा दुहेरी दोरा.

जी त्या दिवशी उडून गेली आणि पंचनाम्यालाही सापडली नाही ती.

तेव्हापासून दोन्ही माझ्याजवळ आहेत. फेकत नाही आता. आवाजही परत आला आहे.

सुरुवातीला म्हटलं होतं, एक नाव बदललं आहे. ते माझं. मी राजशेखर नाही. बाकी सगळं खरं आहे. गारगोटीचे आकाराम गुंडू खोराटे दारू पीत नव्हते. त्यांची चूक नव्हती. फ्यूज त्यांच्या खिशात होता आणि गुंडी लावलेली होती.

हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही अनोळखी माणसं, तुम्हाला सांगायला फारसं काही लागत नाही. ज्यांना सांगायचं होतं ते ऑफिस माझ्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. संध्याकाळपर्यंत उघडं असतं.

आता दुपारचे सव्वातीन झालेत. माझी खोली सगळ्यात वरची. वर फक्त गच्ची आहे आणि तिच्या दाराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडं.

वरून... आत्ता...

"खाच रिकामी हाय का?"

दोनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा विचारतील आणि मग गप्प होतील.

मी अजून खुर्चीतून उठलेलो नाही.